पाय गरम, सुजलेला, आणि निदान नक्की नाही: तोवर करायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा. आई ६१ वर्षांच्या, मधुमेह १७ वर्षांपासून, इन्सुलिन चालू. पाच आठवड्यांपूर्वी उजवं पाऊल सुजलं. जखम नाही, पडल्याचं आठवत नाही, दुखतं पण फार नाही. फॅमिली डॉक्टरांनी सेल्युलायटिस, म्हणजे कातडीखालचा जंतुसंसर्ग, म्हणून दहा दिवस अँटिबायोटिक दिलं; सूज उतरली आणि परत आली. दुसऱ्या डॉक्टरांनी युरिक अ‍ॅसिड ७.८ बघून गाऊट सांगितलं. हाडांच्या डॉक्टरांना एक्स-रे नॉर्मल दिसला, म्हणून त्यांनी मुरगळा धरून क्रेप बँडेज दिलं. एमआरआयच्या रिपोर्टात पावलाच्या मधल्या हाडांमध्ये सूज दिसते आणि खाली ‘शार्को किंवा हाडाचा जंतुसंसर्ग, प्रत्यक्ष तपासणीशी ताडून पाहावे’ असं लिहिलंय. आता चौथे डॉक्टर प्लास्टर घालायचं म्हणतात. तुमचा सवाल असा, की निदानच नक्की नाही तर तीन-चार महिने पाय प्लास्टरमध्ये का ठेवायचा, आणि तोवर आईंना सांभाळायचं कसं.

पाय न बघता मी निदान करणार नाही. पण मधुमेही पायांच्याच ओपीडीत इतकी वर्षं बसल्यावर एवढं नक्की सांगू शकतो, की तुम्ही सांगितलेल्या माहितीवर तो चौथा सल्ला बरोबर आहे. आणि निदान नक्की नाही, हेच प्लास्टर घालण्याचं कारण आहे.

शार्को फूट, ज्याला आपल्याकडे बरेच जण ‘चारकॉट’ म्हणतात, त्यात होतं असं. वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने पायाच्या नसा बधिर झालेल्या असतात. एखादी किरकोळ मुरगळ, पायरी चुकणं, बारीकशी चीर, कधी तर काहीच न आठवणारं कारण, आणि पावलाच्या आत दाह सुरू होतो. निरोगी माणूस त्या दुखण्याने लंगडतो, पाय टेकत नाही, आणि दाह विझतो. बधिर पायाचा माणूस चालत राहतो. दाहामुळे हाड विरघळून मऊ पडत असतं, त्यावर शरीराचं वजन पडत राहतं, आणि मग सांधे सरकतात, हाडं मोडतात, पावलाची कमान खाली बसते. तळवा मधोमध फुगीर झाला की तिथे जखम होते, आणि पाय गमावण्यापर्यंत गोष्ट जाते ती या जखमेतून. फ्रान्समध्ये झां-मार्तें शार्को यांनी १८६८ साली हे सांधे सिफिलिसने मज्जारज्जू खराब झालेल्या रुग्णांमध्ये वर्णिले. मधुमेहाशी त्याचा संबंध १९३६ मध्ये जोडला गेला. आजही पहिल्या भेटीत तो ओळखला जाणं हे नशीबच म्हणायचं. तुमच्या बाबतीत झालं तसं सेल्युलायटिस, गाऊट, मुरगळा असा फेरा मी सतत बघतो.

आता या तिन्ही शंकांचं एकेक बघू, कारण त्या डॉक्टरांनीही उगाच काही म्हटलं नव्हतं.

अँटिबायोटिकने सूज उतरली, म्हणजे जंतुसंसर्गच होता, असं घरच्यांना वाटतं आणि पुष्कळदा डॉक्टरांनाही. मी नेहमी विचारतो, त्या दहा दिवसांत त्या किती चालल्या? उत्तर बहुतेक वेळा ‘छे, झोपूनच होत्या, पाय उशीवर’ असं येतं. मग सूज औषधाने उतरली की विश्रांतीने? गोळ्या संपल्या, त्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या आणि आठवड्यात सूज परत आली, तर माझा संशय शार्कोकडे झुकतो. एक सोपी परीक्षा आहे. झोपवून पाय हृदयाच्या पातळीच्या वर पाच-दहा मिनिटं धरायचा. शार्कोतली लाली बरीचशी फिकी पडते, सेल्युलायटिसची तशीच राहते. फक्त आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसतच नाही. पुस्तकातला लालबुंद पाय गोऱ्या माणसाचा असतो. आपल्याकडे कातडी चकचकीत दिसते, काळपट-जांभळी झाक येते, चपलेच्या पट्ट्याचा वळ उमटतो. म्हणून मी डोळ्यांपेक्षा, पायाची धग जोखणाऱ्या हाताच्या मागच्या बाजूवर जास्त भरवसा ठेवतो.

युरिक अ‍ॅसिडचा आकडा जुन्या मधुमेह्यांमध्ये, विशेषतः मूत्रपिंडाचं काम मंदावलं असेल तर, तसाही वाढलेला असतो. तो गाऊट सिद्ध करत नाही, आणि ऐन गाऊटच्या झटक्यात तो नॉर्मलही येऊ शकतो. सांध्यातलं पाणी काढून त्यात स्फटिक दिसले तर तो पुरावा. शंका म्हणून स्टिरॉइड किंवा वेदनाशामकांचा मारा मात्र करू नका. एकाने साखर चढते, दुसऱ्याने मूत्रपिंडाला ताप होतो.

राहिला एक्स-रे. पहिल्या काही आठवड्यांत तो नॉर्मल असणं शार्कोमध्ये अगदी नेहमीचं आहे. त्यातून तो झोपवून काढलेला असेल तर सांधे सरकलेले दिसतच नाहीत. उभं राहून, दोन्ही पायांचा एक्स-रे मागा, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा काढून पहिल्याशी ताडून बघा. नॉर्मल एक्स-रे म्हणजे ‘अजून मोडलं नाही’ एवढंच, आणि खरं तर ही चांगली बातमी आहे. या टप्प्यावर पाय थांबवला तर आकार जसाच्या तसा वाचू शकतो.

एमआरआयने तुमची जास्तच निराशा केली असेल, कारण पैसे जास्त गेले आणि उत्तर अर्धंच मिळालं. पण रेडिओलॉजिस्टला बहुधा पायाला जखम आहे की नाही हेही चिठ्ठीवर कोणी कळवलेलं नसतं. हाडातली सूज दोन्ही आजारांत पांढरीच दिसते. फरक करायला मदत करते ती तुमच्या प्रश्नातली एक ओळ: जखम नाही. मधुमेही पायाच्या हाडात जंतू जवळजवळ नेहमी बाहेरून, एखाद्या जखमेवाटे शिरतात. कातडी अखंड असेल, पूर्वीही त्या जागी जखम झालेली नसेल, सूज मधल्या पावलाच्या अनेक सांध्यांभोवती असेल, तर पारडं शार्कोकडे झुकतं. बोटं, चवडा किंवा टाचेवर जखम, आणि त्याच्याच खालचं एखादं हाड पांढरं, तर जंतुसंसर्गाकडे. म्हणून आज घरी एक काम करा. चांगल्या उजेडात बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, टाचेच्या भेगा, घट्ट्यांच्या कडा नीट बघा. जोडव्यांखालीही बघा, जोडवी सुजेत रुतलेली असतील तर कापून काढा, ओढून नको. चिखल्या, एखादी रक्ताळलेली भेग, काळपट घट्टा सापडला तर प्लास्टर घालण्याआधी डॉक्टरांना दाखवायलाच हवा.

रक्ताच्या तपासण्यांबद्दलही विचारलंय. जखम नसलेल्या पायात सीआरपी, ईएसआर (रक्तातून दाह दाखवणाऱ्या तपासण्या) किंवा पांढऱ्या पेशींवरून शार्को आहे की नाही ठरवू नये, असं मधुमेही पायावरच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ईएसआर खूप चढलेला असेल तर मी जंतुसंसर्ग पुन्हा शोधतो, एवढाच त्याचा उपयोग. हाडाचा तुकडा काढून तपासणं हा शेवटचा पुरावा असतो, पण अखंड कातडी छेदून बधिर, सुजलेल्या पायात सुई घालण्याची घाई मी करत नाही. दोन-तीन आठवडे वजन काढून घेतल्यावरही चित्र धूसरच राहिलं, तर तो विचार.

आता प्लास्टर. त्याच सूचनांमध्ये म्हटलंय, की संशय आला की तपासण्या चालू असतानाच गुडघ्यापर्यंतच्या साधनाने पाय स्थिर करा. उलटसुलट बाजू तुम्हीच तोलून बघा. शार्को असेल आणि प्लास्टर घातलं नाही, तर काही आठवड्यांत कमान बसू शकते आणि ती परत उभी राहत नाही. शार्को नसेल, नुसता मुरगळा असेल आणि प्लास्टर घातलं, तर गैरसोय होईल, पोटरी बारीक होईल, सांधे आखडतील. हे सगळं भरून निघतं. फक्त दोन गोष्टी आधी बघितलेल्या हव्यात: पायातला रक्तपुरवठा पुरेसा आहे का, आणि आत पू किंवा उघडी, चिघळलेली जखम नाही ना. रक्तपुरवठ्यासाठी घोट्याच्या दाबाचा आकडा एकटा पुरत नाही, कारण जुन्या मधुमेहात धमन्या कडक होऊन तो फसवा, जास्तच चांगला येतो. डॉपलरवर (रक्तप्रवाह ऐकवणारं यंत्र) येणारा आवाज आणि पायाच्या अंगठ्याचा दाब बघायला सांगा. इथे अडचण निघाली तर बंद प्लास्टरऐवजी काढता येणारा वॉकर बूट, आणि आधी रक्तवाहिन्यांचे किंवा शल्यचिकित्सेचे डॉक्टर.

‘बूटच द्या ना मग, आंघोळीला तरी काढता येईल’, असं सगळेच म्हणतात. काढता येतो म्हणूनच तो हलका पर्याय आहे. अमेरिकेत २००३ साली एका अभ्यासात पायाला जखम असलेल्या मधुमेह्यांच्या पावलांची मोजणी गुपचूप केली, तेव्हा दिवसभराच्या पावलांपैकी जेमतेम २८ टक्के पावलं बूट घालून टाकलेली निघाली. आपल्याकडे घरात कोण बूट घालतं? रात्री बाथरूमला जाताना, देवापुढे, ओट्यापाशी बूट निघतोच. बूटच घ्यायचा ठरला तर तो गुडघ्यापर्यंतचा हवा आणि वरून प्लास्टरच्या पट्टीने बंद करून घ्यावा. घोट्याच्या खाली संपणारी सँडल यासाठी चालत नाही, आणि क्रेप बँडेज तर अजिबातच नाही.

हे प्लास्टर हाड मोडल्यावरच्या कापूस भरलेल्या प्लास्टरसारखं नसतं. ते पूर्ण पावलाला आणि पोटरीला चिकटून बसतं, त्यामुळे तळव्यावरचा भार पसरतो आणि बराचसा पोटरीकडे जातो. ही विद्या आपल्याच भागातल्या कुष्ठरोगाच्या कामातून मोठी झाली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात कुष्ठरुग्णांच्या बधिर हातापायांवर काम केलेले पॉल ब्रँड पुढे अमेरिकेतल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले, आणि तिथून हे प्लास्टर मधुमेह्यांच्या पायांपर्यंत पोहोचलं. बधिर पायांसाठीच्या मऊ एमसीआर रबराच्या चपलाही त्याच वाटेने आल्या. सांगायचा मुद्दा असा, की हे घालणारा हात सरावलेला हवा. ‘असं प्लास्टर तुम्ही नेहमी घालता का?’ हे विचारायला संकोचू नका. नसतील घालत तर ज्यांच्याकडे मधुमेही पायाचं वेगळं क्लिनिक आहे तिथे एकदा जाऊन या. पहिलं प्लास्टर काही दिवसांतच बदलावं लागतं, कारण सूज उतरून ते ढिलं होतं. नंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी. एकदा घालून ‘सहा आठवड्यांनी या’ असं कोणी म्हटलं तर तिथे थांबू नका. ढिल्या प्लास्टरने बधिर पायाला जखम होते आणि त्यांना ते कळतही नाही.

किती दिवस? साधारण तीन ते सहा महिने धरा, काहींना त्याहून जास्त लागतात. आईंना सुरुवातीलाच खरं सांगा. ‘पंधरा दिवसांत निघेल’ असं म्हणून दर पंधरवड्याला त्यांना नव्याने खचवू नका.

घरात मोजायची एकच गोष्ट मी सांगतो: दोन पायांच्या तापमानातला फरक. करोनाच्या काळात घेतलेलं कपाळाचं इन्फ्रारेड थर्मामीटर बहुतेक घरांत पडून आहे. त्यात अंगाचा ताप मोजण्याची आणि वस्तूच्या पृष्ठभागाची अशा दोन सोयी असतील तर पृष्ठभागाची निवडा, कारण पहिली आकडा स्वतःच सुधारून दाखवते. दोन्ही पाय मोजे-चप्पल काढून दहा-पंधरा मिनिटं पंख्याखाली नाही, उन्हात नाही, असे ठेवा. मग पावलाची वरची बाजू, आतली कमान आणि घोटा, या तीनच जागा दोन्ही पायांवर मोजा आणि फरक वहीत लिहा. आकडा किती याला महत्त्व नाही, फरकाला आहे. सुजलेला पाय सतत दोन अंश सेल्सिअसहून जास्त गरम असेल तर आत धग आहे असं आम्ही धरतो. प्लास्टर असताना हे मोजमाप बदलण्याच्या दिवशी, प्लास्टर काढून थोडा वेळ गेल्यावर होतं. तो आकडा मागून घ्या. दोन्ही पाय बिघडलेले असतील किंवा दुसऱ्या पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर मात्र हा हिशोब फसतो.

या वहीचा दुसराही उपयोग आहे. अनिश्चिततेत माणूस रोज नवं मत गोळा करत फिरतो. तुम्ही आतापर्यंत चार डॉक्टर केले, पाचवा कोणीतरी सुचवलेला असेलच. आता एकाच डॉक्टरला मुख्य माना आणि त्यांना निदानाचं नाव विचारत बसण्यापेक्षा असं विचारा: काय काय वगळलं आहे? अजून काय शिल्लक आहे? पुढच्या भेटीत कोणत्या आकड्यावर किंवा एक्स-रेवर काय ठरवाल? काय दिसलं तर तुमचं मत बदलेल? ‘मला नक्की माहीत नाही, पण तीन आठवड्यांनी हे बघून ठरवू’ असं म्हणणारा डॉक्टर, पहिल्या दिवशी छातीठोक नाव सांगणाऱ्यापेक्षा मला जास्त भरवशाचा वाटतो.

हाडवैद्याकडे नेऊन पाय ओढून घेणं, चोळणं, गरम पाण्यात मीठ घालून शेकणं, वाळूचा शेक हे सगळं बंद. बधिर पायाला चटका बसलेला कळत नाही, आणि मऊ झालेलं हाड ओढाताणीने मोडतं. हाड भरून यावं म्हणून दिली जाणारी ऑस्टिओपोरोसिसची इंजेक्शनंही यात उपयोगाची ठरलेली नाहीत. ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते जरूर भरून काढा.

प्लास्टर असलं तरी चालणं कमीत कमी हवं. चार पायांचा वॉकर आणा. कुबड्यांवर या वयात तोल जातो. मधुमेहात उभं राहताच रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते, म्हणून पलंगावरून उठताना मिनिटभर बसून मगच उठायचं. उकिडवं बसायचं नाही. कमोड नसेल तर कमोडची खुर्ची मिळते, भाड्यानेही. भाजी निवडणं, पोळ्या लाटणं त्यांना करायचंच असेल तर खुर्चीवर, पाय दुसऱ्या स्टुलावर. प्लास्टरमुळे त्या पायाची उंची वाढते, म्हणून दुसऱ्या पायात तेवढ्याच जाडीचा बूट द्या, नाहीतर कंबर धरते. आणि तो दुसरा पाय रोज बघा. सगळा भार त्याच्यावर आलेला असतो, आणि शार्को तिथेही उमटू शकतो. हालचाल कमी झाल्याने साखर वाढेल. इन्सुलिनचा डोस डॉक्टरांना विचारून बदला, जेवण तोडून नको.

भाचीच्या लग्नाचं विचारलंत. जाऊ द्या की. गाडीने, मागच्या सीटवर पाय आडवा ठेवून, कार्यालयात चाकाची खुर्ची. फोटोपुरतासुद्धा बूट काढायचा नाही, एवढं सगळ्या नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा. चार महिने घरात कोंडलेली बाई पाचव्या महिन्यात प्लास्टर स्वतः कापून काढते, हे मी पाहिलंय.

पुढच्या गोष्टींना मात्र भेटीची तारीख बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा: थंडी वाजून येणं, कारण नसताना साखर एकदम चढणं, प्लास्टरला वास किंवा डाग, ते ओलं होणं, चिरणं, आत पाय हलायला लागणं, बोटं निळी-काळी किंवा गार पडणं, पोटरीत नवं दुखणं, धाप लागणं. शेवटच्या दोन गोष्टी पायात रक्ताची गुठळी झाल्याच्या असू शकतात. ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका. मधुमेह्यांच्या पायात मोठा जंतुसंसर्ग तापाशिवाय आणि नॉर्मल रक्त तपासणीनेही सापडतो.

प्लास्टर कधी काढायचं, हेही एका तपासणीवर ठरत नाही. सूज गेलेली, तापमानाचा फरक लागोपाठच्या भेटींत कमी राहिलेला आणि एक्स-रेमध्ये नवं काही मोडलेलं नाही, हे तिन्ही जुळावं लागतं. एमआरआयमधली सूज बरीच मागे रेंगाळते, म्हणून तिच्यावर एकटीवर ठरवू नये. मग एकदम साधी चप्पल नाही. आधी बूट, नंतर तळव्याच्या मापाने केलेली पादत्राणं, आणि चालणं आठवड्या-आठवड्याने वाढवत. सूज परतली तर पुन्हा प्लास्टर.

असंही होईल, की तीन-चार आठवड्यांत पाय गार पडेल, एक्स-रे शेवटपर्यंत नॉर्मलच राहील, आणि तो मुरगळा होता की सुरुवातीलाच थांबवलेला शार्को, हे कुणालाच कधी कळणार नाही. वेळेत थांबवलेल्या शार्कोचा पुरावा बऱ्याचदा उरतच नाही. अशा वेळी मी तो पाय पुढे कायमचा जोखमीचा धरतो: घरातही अनवाणी नाही, देवळाच्या तापलेल्या फरशीवर नाही, आणि दर तीन महिन्यांनी तपासणी. डिस्चार्जच्या कागदावर ‘शार्कोचा संशय, उजवं पाऊल’ आणि महिना-वर्ष लिहून घ्या, पहिला आणि शेवटचा एक्स-रे त्यालाच जोडा. दोन वर्षांनी पाय पुन्हा सुजला आणि समोर नवा डॉक्टर असला, तर अँटिबायोटिकच्या चिठ्ठीआधी त्यांच्यापुढे हा कागद ठेवा.